साहेबांची ताई

सगळ्यात वरच्या कोर्टाचा निकाल लागला त्या दिवशी अख्खं इस्पितळ प्लास्टरवाल्या बाईंच्या मागे लागलं, तोंड गोड करा म्हणून. वॉर्डातली मोठी सिस्टर आली, एक्स-रेवाला आला. एरवी कोणाशी दोन शब्द न बोलणारे हाडांचे डॉक्टरसुद्धा दारातून डोकावून म्हणाले, "अभिनंदन हं, बाई. भावानं मैदान मारलं." बाईंच्या हातात तेव्हा एका म्हातारबुवांचा पाय होता आणि प्लास्टरची पट्टी भिजवून झालेली होती. भिजलेली पट्टी कोणासाठी थांबत नाही, वेळेवर गुंडाळली नाही तर हातातच घट्ट होते. बाईंनी मान वर केली नाही. लोकांना वाटलं, आनंदानं शब्द फुटत नाहीये.

आनंद! तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणजे काय होतं, हे ज्यांनी नुसतं ऐकलंय त्यांनी त्या दिवशी बाईंच्या शेजारी उभं राहायला हवं होतं.

भाऊ आमदार. घरात नाव बाळ, आणि पन्नाशी उलटली तरी बाईंच्या तोंडी बाळच. बाहेर साहेब. साहेबांनी एका वर्षात तीन मैदानं मारली. आधी सभागृहात कायदा मंजूर करून घेतला. मग काही संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, तिथं जिंकले. त्या आणखी वर गेल्या, तिथंही जिंकले. कायद्याचं सरकारी नाव लांबलचक आहे, कोणाच्या लक्षात राहत नाही. लोक त्याला 'एका छपराचा कायदा' म्हणतात. घटस्फोट हवा असेल तर अर्ज केल्यापासून वर्षभर नवराबायकोनं एकाच छपराखाली राहायचं. मधेच घर सोडलं की अर्ज बाद, आणि पुन्हा करायचा म्हटलं तर कितीतरी वर्षं वाट बघायची. सूट एकच. हाड मोडलेलं असेल आणि ते एक्स-रेत दिसत असेल, तर वेगळं राहता येतं.

हाड. काळीज नाही, कानाचा पडदा नाही, पाठीवरचे वळ नाहीत. कोणीतरी झुळझुळीत कपड्यांत, थंडगार खोलीत बसून ठरवलं की मार कुठून सुरू होतो. आणि कोर्टानं म्हटलं, बरोबर आहे, हाड म्हणजे कसं स्पष्ट असतं.

तरी एवढ्यानं बाईंच्या मस्तकात आग गेली नसती. कायदे येतात नि जातात, गरिबाला त्यातलं फार कळत नाही. पण साहेबांनी हा कायदा उभा केला होता तो ताईच्या जिवावर.

त्यासाठी जरा मागं जावं लागेल. आई लवकर गेली. बाळ तेव्हा एवढासा. त्याचं नाक पुसण्यापासून गृहपाठापर्यंत सगळं ताईनं केलं. बोलायला मात्र तो कोणाचं शिकला कोण जाणे, उचलली जीभ लावली टाळ्याला. शाळेत वक्तृत्वाचे पेले आणायचा. ताईचं लग्न झालं ते बस डेपोतल्या मेकॅनिकशी. चांगला धडधाकट माणूस, हात असे की मोठमोठे नट हातानंच सोडवायचा. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा ताई एक पिशवी घेऊन माहेरी आली. ओठ फाटलेला होता. वडील खुर्चीत बसून राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. बोलला तो बाळ. नुकताच वकिलीला लागला होता.

"ताई, घर एकदा मोडलं की मोडलं. तू समजूतदार आहेस. लोक काय म्हणतील?"

आणि त्यानंच तिला स्कूटरवर मागं बसवून परत नेऊन पोचवलं. दारात मेव्हण्याला म्हणाला, "भावजी, सांभाळून घ्या."

भावजींनी सांभाळून घेतलं. त्या दिवसापासून तोंडावर मारणं बंद केलं.

हाड त्यानं कधी मोडलं नाही. घरात मारणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताचा चांगला अंदाज असतो. हाड मोडलं की इस्पितळ, आणि इस्पितळ म्हटलं की चार प्रश्न. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, ही म्हण ज्यानं पहिल्यांदा काढली तो बहुधा शेजारच्याच खोलीत राहत असावा. मूलबाळ झालं नाही, त्याचाही राग बाईंवरच निघायचा. घरात चार पैसे यावेत म्हणून त्या इस्पितळात झाडूपोछ्याच्या कामाला लागल्या. प्लास्टरखोलीतल्या जुन्या कारागिरानं बघितलं की या बाईचा हात हलका आहे, आणि हाताखाली घेतलं. कापसाचा थर किती जाड द्यायचा, पट्टी कशी अर्धी-अर्धी चढवत न्यायची, बोटं न रोवता तळव्यानं कसं गुळगुळीत करायचं, सगळं शिकवलं. तो गेल्यावर खोली बाईंची झाली.

माहेरी मात्र त्यांनी एक नेम पाळला. सासरचं वाईट बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. परत पाठवलेल्या मुलीनं पुन्हा रडगाणं न्यायचं म्हणजे पुन्हा स्कूटरवर बसायचं, हे त्यांना कळून चुकलं होतं. बाळनं फोन केला की उत्तर ठरलेलं: "छान आहे रे. माझी काळजी करू नकोस." मोठ्या बहिणींना धाकट्या भावाशी असं खोटं बोलायची इतकी सवय असते की ते खोटं आहे हेच त्या विसरतात.

चार वर्षांपूर्वी नवऱ्याला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, डेपो सुटला. बाई सकाळी त्याचं सगळं आवरून कामावर जायच्या, संध्याकाळी येऊन त्याची चाकाची खुर्ची गॅलरीत ढकलायच्या आणि चहाचा कप त्याच्या तोंडाला लावायच्या. कायदा यायच्या थोडं आधी एकदा बाळचा फोन आला.

"ताई, भावजी आता कसे वागतात गं तुझ्याशी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच. बाईंना भरून आलं. म्हणाल्या, "आता काही त्रास नाही रे. संध्याकाळी दोघं गॅलरीत बसून चहा घेतो."

त्यांना वाटलं, भावाला माया आली. साहेब भाषणाची तयारी करत होते.

ते भाषण बाईंनी इस्पितळाच्या टीव्हीवर ऐकलं, मोडके हात गळ्यातल्या झोळ्यांत अडकवून बसलेल्या पेशंटांमध्ये उभं राहून. साहेब म्हणाले, "माझ्या सख्ख्या ताईनं सोसलं. पण तिनं उंबरठा ओलांडला नाही. आज ती आणि माझे भावजी रोज संध्याकाळी गॅलरीत बसून चहा घेतात. ती तेव्हा निघून गेली असती, तर हा चहा कुठून आला असता?" बाकं वाजली. एका म्हाताऱ्या आमदारानं डोळे पुसले. आणि पुढं कोर्टानं निकालात लिहिलं की सोशिकपणाला फळ येतं याचा जिवंत दाखला सभागृहासमोर होता, सभागृहानं तो विचारात घेतला यात काही गैर नाही.

जिवंत दाखला! अरे, त्या माणसाचा हात थांबला तो बायकोच्या सोशिकपणानं नाही, मेंदूतली नस फुटली म्हणून थांबला. आणि बाळला हे माहीत नव्हतं असं नाही. तो स्वतः फळांची करंडी घेऊन इस्पितळात भेटायला आला होता, खाटेशी फोटो काढून गेला होता.

तरी बाई गप्प राहिल्या. एवढ्या वर्षांची सवय एका भाषणानं मोडत नाही. मनात म्हणायच्या, बोललाय तर बोलू दे, आपल्या अंगाला थोडीच भोकं पडलीत.

भोकं पडली ती दुसऱ्याच्या.

इस्पितळासमोर एक बेकरी आहे. तिथं काउंटरवर बसणारी पोरगी बाईंना मावशी म्हणते. हसरी, बडबडी, गिऱ्हाइकाला उधारीवर हसू देणारी. तिनं नवऱ्यापासून सुटका हवी म्हणून अर्ज केला होता, आणि तो हात पिरगाळायला लागल्यापासून बेकरीच्या माळ्यावर पिठाच्या पोत्यांशेजारी झोपत होती. निकालानंतरच्या गुरुवारी ती प्लास्टरखोलीत आली. मनगट टम्म सुजलेलं. नवरा बेकरीच्या मागच्या दारानं आला होता. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढायला लावला, उजेडावर धरून पाहिला आणि म्हणाले, "काही नाही, मुका मार आहे. बाई, नुसतं क्रेप बँडेज बांधा." आणि पुढच्या पेशंटकडं गेले.

बाईंनी जन्मभर एकच पाहिलं होतं. हाड मोडलेलं नाही म्हटलं की माणसाचा जीव भांड्यात पडतो. आया देवाचे आभार मानतात, पोरं टुणकन उड्या मारतात. ही पोरगी ओक्साबोक्शी रडायला लागली.

"नीट बघा ना, मावशी. कुठंतरी बारीकशी चीर असेल."

"नाहीये गं. शाबूत आहे हात तुझा."

"मग प्लास्टर तरी घाला."

"प्लास्टर घालून काय होणार, वेडे? कोर्टात फोटो मागतात."

पोरीनं डोळे पुसले. निकालानं दिलेल्या मुदतीत, म्हणजे सोमवारपर्यंत, तिला नवऱ्याच्या घरी परतायचं होतं, नाहीतर अर्ज बाद. मग गिऱ्हाईक पावाचा भाव विचारतं इतक्या साधेपणानं तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही रोज बघता म्हणून विचारते. हे हाड मोडायला किती जोर लागतो?"

बाईंनी पट्टी बाजूला ठेवली.

"गप्प बस! काय बोलतेस तू?"

"मग काय करू? तुमच्यासारखं सोसायची ताकद माझ्यात नाही. टीव्हीवर ऐकलं मी तुमचं. माझी सासू रोज ऐकवते, ती बघ साहेबांची ताई, ती बघ कशी राहिली."

"खोटं आहे ते!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की बाहेर बाकावर बसलेले उठून उभे राहिले. "ऐकतेस का? खोटं आहे! तो सुधारला नाही. तो लुळा पडला. मी सोसून काही मिळवलं नाही, नुसतं सोसलं. कळलं?"

इतक्या वर्षांत हे वाक्य बाईंच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं होतं, आणि तेही भावापाशी नाही, नवऱ्यापाशी नाही, पाव विकणाऱ्या पोरीपाशी. त्यांनी तिचा हात बँडेजनं नीट बांधला, झोळीत ठेवला आणि बजावलं, "सोमवारपर्यंत या हाताला काही करायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

शनिवारी बाई भावाच्या कचेरीत गेल्या. खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती इतके पुष्पगुच्छ. रविवारी जाहीर सत्कार होता. साहेबांनी चिटणिसाला बाहेर पाठवलं, ताईसाठी खुर्ची ओढली.

"बरं झालं आलीस. उद्या तू आणि भावजी दोघंही स्टेजवर हवेत मला. खुर्ची चढवायला रॅम्प करून घेतलाय."

"बाळ, तू माझ्याबद्दल सांगितलंस ते खरं नव्हतं, हे तुला ठाऊक होतं."

"एक शब्द खोटा असेल तर दाखव. चहाचं तूच सांगितलंस."

"झटक्याचं का नाही सांगितलंस?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ताई, ती खासगी गोष्ट आहे. भावजींच्या आजारपणाची चारचौघांत चर्चा कशाला?"

"माझा मार खासगी नव्हता?"

वक्तृत्वाचे पेले आणणाऱ्यानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बाईंनी मग बेकरीतल्या पोरीचं सांगितलं. मनगटाचं, फोटोचं, तिनं विचारलेल्या प्रश्नाचं. साहेबांनी मान हलवत सगळं ऐकलं. मान हलवायची त्यांना सवय आहे, रोज शेकडो माणसं येतात.

"वाईट वाटतं मला. पण एका बाईकडं बघून कायदा बदलता येत नाही, ताई."

"करताना मात्र एकाच बाईकडं बघून केलास ना?"

"तू दमली आहेस. उद्या गाडी पाठवतो. आणि हे असलं बाहेर कुठं बोलू नकोस. हात दाखवून अवलक्षण कशाला? लोक काय म्हणतील?"

तेच वाक्य. त्या वेळी अंगावरचा काळा कोट नवा होता, आता केस पिकले होते. मधल्या काळात या माणसानं एवढे कायदे वाचले, एवढ्या कोर्टांच्या पायऱ्या चढला, आणि ताईला सांगायला त्याच्याकडं अजून तेवढंच होतं. निघताना त्याची कॉलर नीट करायला बाईंचा हात सवयीनं वर गेला. त्यांनी तो मागं घेतला.

रविवारी गाडी आली. बाईंनी ड्रायव्हरला पाणी दिलं आणि गाडी रिकामी पाठवली. शेजाऱ्यांच्या टीव्हीवरून सत्कार ऐकू येत होता. स्टेजवरच्या दोन मोकळ्या जागांकडं हात करून साहेब म्हणाले, "माझी ताई आज इथं नाही. पतीच्या सेवेत खंड नको म्हणून ती आली नाही. याला म्हणतात संसार!" टाळ्या काही थांबेनात. बाईंनी खिडकी लावून घेतली. असल्या माणसापुढं हजर राहिलं तरी तो जिंकतो आणि गैरहजर राहिलं तरी तोच जिंकतो.

नवऱ्याची खुर्ची गॅलरीत होती. बाई त्याच्यासमोर बसल्या आणि स्वच्छ शब्दांत म्हणाल्या, "मी उद्या कोर्टात जाणार आहे. तुमच्यापासून घटस्फोट मागायला."

त्याच्या ओठांची जुळवाजुळव झाली. माफी मागेल, रडेल, निदान रागावेल असं बाईंना वाटलं होतं. जड जिभेनं तो म्हणाला, "मग... चहा?"

बाईंना हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. उभ्या आयुष्याचा निकाल दोन शब्दांत लागला होता, आणि हा निकाल मात्र कोणत्याही कोर्टानं दिला नसता इतका खरा होता.

"चहा देईन," त्या म्हणाल्या. "समोर पडलेला कोणताही पेशंट असता तर त्यालाही दिला असता."

सोमवारी कुटुंब न्यायालयात ही गर्दी. निकालाच्या आशेवर थांबलेल्या सगळ्या बायका अर्ज मागं घ्यायला नाहीतर घरी परतल्याचं लिहून द्यायला आल्या होत्या. बेकरीतली पोरगी रांगेत होती, हात झोळीत, हाड शाबूत. बाईंनी आधी ते बघून घेतलं, मगच त्या तिच्यासोबत खिडकीपाशी गेल्या आणि आपला अर्ज पुढं केला.

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, मान वर केली, पुन्हा वाचला.

"बाई, तुम्ही त्या... साहेबांच्या...?"

"हो. निकालात आहे ती मीच."

त्याच्या मागची टायपिस्टबाई हातातलं काम सोडून उठली.

"विचार करा, बाई," कारकून खालच्या आवाजात म्हणाला. "फार गवगवा होईल. आणि अटी सगळ्यांना सारख्याच असतात. वर्षभर एका छपराखाली राहावं लागतं."

"एकतीस वर्षं राहिलेय."

"ती अर्जाच्या आधीची झाली. ती धरत नाहीत."

"का नाही धरत? कायदा करताना धरली. तिन्ही वेळा जिंकताना धरली." बाईंचा आवाज चढला नव्हता, पण तो शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जात होता. "नीट लिहून घ्या. त्यातलं एक वर्ष माझ्या अर्जाला लावा. एक या पोरीच्या अर्जाला लावा. बाकीची या रांगेतल्या बायकांना पुरवा."

"असं एकीचं दुसरीच्या नावावर चढवता येत नाही हो, बाई."

"येतं," बाई म्हणाल्या. "माझ्या भावानं चढवलंय. माझं सोसणं त्यानं या सगळ्यांच्या नावावर चढवलं, तेव्हा तुमच्यातल्या एकानंही हरकत घेतली नाही."